दोन पोती ब्लीचिंग पावडर

मानखुर्द, रविवार

प्रिय चेतू,

सप्रेम जयभीम. फोनच करणार होतो, पण फोनवर तू ‘हो पप्पा, ठीक आहे पप्पा’ करून मला कटवतेस. पत्राला तसं मध्येच तोडता येत नाही. तुझी आई समोर मटार सोलत बसलीय आणि मी काय लिहितोय ते उलट्या बाजूने वाचायचा प्रयत्न करतेय. तिच्या पोटात काही राहत नाही हे ठाऊक असूनही राजीनाम्याचा फोटो तू तिलाच पाठवलास. म्हणजे तो माझ्यापर्यंत यावा असं तुलाही वाटत असणार.

तर तुमच्या गावाच्या सांडपाणी केंद्राचं उद्घाटन होतं, मोठे पाहुणे येणार होते, आणि इंजिनिअर मॅडमनी आदल्या दिवशी वास मारायला टाकीकडे येणाऱ्या नाल्यात दोन पोती ब्लीचिंग पावडर ओतायला लावली. वास मेला. सोबत टाकीतले घाण खाणारे जीवाणूही मेले. पाहुणे गेले आणि तिसऱ्या दिवसापासून ओढ्यात गढूळ पाणी. आता गाव नावं ठेवतंय आणि तू बॅग भरतेस. वाचून मला आधी हसूच आलं. रागावू नकोस, हा प्रताप मी तुझ्या कितीतरी आधी करून बसलोय.

आमच्या खाडीकाठच्या केंद्रावर एकदा असेच पाहुणे येणार होते. मी साधा ऑपरेटर, पण कुणाला न विचारता पिंपभर फिनेल टाकीत ओतलं. दोन दिवसांत टाकीवर पांढरा फेस. आमचे केमिस्ट शरच्चंद्र साहेब काठावर उभे राहिले, वाकून वास घेतला आणि म्हणाले, “धम्मपाल, गोठा धुवायला गेलास आणि गुरं मारलीस.” मेमो मिळाला. मग त्यांनीच मला गुरं परत कशी आणायची ते शिकवलं.

तू पुस्तकात वाचलं असशीलच, तरी ऐक. शेजारच्या गावच्या केंद्रातून टँकरभर जिवंत गाळ माग, लाजू नकोस. ताज्या शेणाचा काला आणि थोडा गूळ घाल. टाकीत सोडायची हवा एक तासही बंद ठेवू नकोस. रोज सकाळी काचेच्या नळीत टाकीतलं पाणी अर्धा तास ठेवून बघ. पहिला आठवडा नुसतं ढवळल्यासारखं दिसेल आणि तुला रडू येईल. मग एके दिवशी तपकिरी गाळ खाली बसेल आणि वर नितळ पाणी राहील. टाकीला कुंडीतल्या मातीसारखा वास यायला लागला की समज, गुरं गोठ्यात आली. आम्हाला बावीस दिवस लागले होते. नगरपरिषदेत मात्र चूक तुझी होती हे स्वतःच्या अक्षरात लिहून दे. त्याने माणूस हलका होतो, आणि लोकही थोडे दिवस बोलून गप्प बसतात.

आई विचारतेय, एवढं काय लिहितोस. खरी गोष्ट अजून लिहिलेलीच नाही. ते पाहुणे कोण होते ते मी मुद्दाम टाळलं. ती तुझ्या शाळेची सहल होती, चेतू, चौथीच्या वर्गाची. मी पाणीखात्यात क्लार्क आहे असं तेव्हा तुला सांगत होतो. कामावरून सुटल्यावर तिथेच दोनदा अंघोळ करून घरी यायचो. पुढे माझं खरं काम तुला कळल्यावरही, त्या दिवशी मी रजेवर होतो असंच सांगत आलो. रजेवर नव्हतो, पंपाच्या खोलीत दार लावून लपलो होतो. फटीतून बघितलं, तर सगळी पोरं नाक दाबून उभी, आणि तू एकटी कठड्याला लटकून साहेबांना विचारत होतीस की हे किडे रविवारीपण जेवतात का. तुला वासाची लाज नव्हतीच, पोरी. ती माझी होती, आणि माझ्याकडून तुला लागली. त्याची माफी मागायला हे पत्र. राजीनामा देऊ नकोस. शनिवारी मी गूळ घेऊन येतोय, आणि या वेळी टाकीच्या काठावर सगळ्यांसमोर उभा राहणार आहे.

तुझाच,
पप्पा