डाव्या काठाची चार पानं

अर्विंग, टेक्सास
शनिवार, दुपार

प्रिय श्रीधर,

लोकांसमोर 'अहो' आणि घरात 'तू' असं आपलं होतं. पत्रातही 'तू'च म्हणते. तुला जाऊन सहा महिने झाले आणि मी एक ओळ लिहिली नाही. आज लिहितेय, कारण सोमवारी तुझ्या ऑफिसात मीटिंग आहे. त्याआधी तुला एक गोष्ट सांगायलाच हवी. तू ती मला विचारली होतीस आणि मी खोटं सांगितलं होतं.

रेवा आत्ता डोकावून गेली. "आई, हू आर यू रायटिंग टू?" म्हटलं, बाबाला. तर म्हणाली, "बट ही कान्ट रीड इट." पुढच्या आठवड्यात नऊ वर्षांची होईल.

गुरुवारी तुझा साहेब डॉन एक गुंडाळी घेऊन दारात उभा होता. मुआरा तेरांगहून आलेली, पाक मार्टिन यांनी पाठवलेली. पाक म्हणजे आपल्याकडचं काका, असं तूच लिहिलं होतंस. तिथल्या शाळेचे मास्तर, तुझे बुद्धिबळाचे सोबती. गुंडाळीत एक मोठा हातानं काढलेला नकाशा आणि तोडक्या इंग्रजीतलं एक पत्र. नकाशा सारखा वळत होता, म्हणून मी त्याच्या कोपऱ्यांवर मसाल्याचे डबे ठेवले. नकाशाभर झाडांची नावं, पहिली पन्नासेक तुझ्या अक्षरात, पुढची मास्तरांच्या. तुझं अक्षर कुठं संपतं ते बोटानं शोधलं आणि तिथंच बसून राहिले.

ते गाव मी पाहिलेलं नाही, पण मला पाठ आहे. इंडोनेशियातलं बोर्निओ, चहाच्या रंगाची नदी, तिच्यावरून बोटीनं दोन दिवस आत. तीसेक घरं, सगळी खांबांवर, खाली कोंबड्या आणि वर माणसं. नदीच्या काठात कोळशाचा काळा पट्टा उघडा पडलेला. शाळेतली पोरं त्याचाच तुकडा उचलून भिंतीवर गणितं मांडतात. नदीच्या खालच्या अंगाला तेलाच्या विहिरी, वरून लाकडाचे ओंडके वाहत येताहेत, आणि गावात मात्र रॉकेलचा दिवा! "वसू, यांच्या पायाखाली अख्खा टेक्सास पडलाय आणि शाळेला बाक नाहीत," असं लिहिलं होतंस. ते पत्र मी मैत्रिणींना वाचून दाखवलं होतं.

कंपनीला तिथला कोळसा हवा होता. त्याआधी गावाची माहिती हवी होती, घरं किती, लोक जगतात कसे, कुठली जमीन वापरात आहे आणि कुठली मोकळी. तू दगड ओळखणारा माणूस. माणसांची माहिती काढायचं काम गळ्यात पडलं आणि तू त्यातच रमलास. आम्हाला विसरून रमलास, हेही आज म्हणून घेते.

आपली पद्धत आठवते? तू पिवळ्या कागदांवर मराठीत भराभर लिहायचास, कारण इंग्रजीत लिहिताना तुझं डोकं अडायचं. कंपनीच्या टपालातून कागद माझ्याकडे यायचे. मी इंग्रजी करून टाइपरायटरवर उतरवायची आणि ऑफिसात नेऊन द्यायची. सहीसाठी महिनाभर अडू नये म्हणून निघताना तू पाच-सहा कोऱ्या पानांच्या तळाशी सही करून ठेवायचास. शेवटचं पान त्यावर टाइप करायचं. मी म्हणायची, अरे, वेडा आहेस का, कुणी असं करतं? तर तुझं नागपुरी हसू. "काहून घाबरतेस बाप्पा? फार तर मला घटस्फोट टाइप करशील नं!"

आता ऐक. गेल्या दिवाळीच्या आधी तुझे चौदा कागद आले. त्यातले चार डाव्या काठाबद्दल होते. घरं सगळी उजव्या काठावर, कारण सरकारनं तिथं शाळा बांधून लोकांना इकडे आणलं. त्याआधी गाव डावीकडे होतं. आता तिकडे एकही घर नाही, बघणाऱ्याला नुसतं रान दिसतं. पण तू लिहिलं होतंस की हे रान नाही, हे जुनं गाव आहे. मूल जन्मलं की घरामागं एक झाड लावायचं, बहुतेक दुरियानचं, म्हणजे आपल्या फणसाच्या काटेरी आणि भलत्याच वासाच्या भावाचं. घर पडतं, झाड राहतं. माणूस गेला की त्याला त्याच्या झाडापाशी पुरतात. कुठलं झाड कुणाचं हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. त्या माणसाची मुलं-नातवंडं जगाच्या पाठीवर कुठंही असोत, त्यांचा त्या फळावर हक्क असतो. चार पानं भरून तू झाडांची आणि माणसांची नावं लिहिली होतीस.

ती चार पानं मी काढली.

ऑफिसनं नाही रे. मी. डॉननं एवढंच सांगितलं होतं की दहा पानांच्या वर नको आणि गोष्टी नकोत. तुला विचारायला वेळ नव्हता, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. खरं वेगळं आहे. त्या आठवड्यात रेवाचा आठवा वाढदिवस होता. तुझ्या टपालात तिच्यासाठी एक ओळ नव्हती. कागद उलटे केले, पाकीट झटकून पाहिलं. परक्या पोरांच्या झाडांची नावं चार पानं, आणि स्वतःच्या पोरीला साधं 'हॅपी बर्थडे' नाही! मला इतका राग आला श्रीधर, की मी ती पानं बाजूला फेकली आणि त्यांच्या जागी एकच ओळ टाइप केली. 'डावा काठ: जंगल. वस्ती नाही.' मग तुझ्या सहीचं पान जोडलं, रिपोर्ट ऑफिसात टाकला आणि मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाच्या करंज्या करायला गेले.

डिसेंबरात तू दोन आठवडे घरी होतास. रिपोर्टची प्रत टेबलावरच होती. मला वाटत होतं, उघडशील, भांडशील, मोकळं होईल सगळं. तू तिच्यावर चहाचा कप ठेवलास! "तू टाइप केलंय नं, मग झालं." का नाही वाचलंस रे? एवढा कशाला विश्वास ठेवायचा माणसानं?

जानेवारीत परत गेलास, आणि फेब्रुवारीत तुझं ते पत्र आलं. डाव्या काठावरच्या झाडांवर कंपनीच्या माणसांनी लाल रंगाचे पट्टे मारले होते. कोळशाचा रस्ता तिथून जाणार होता. गावातल्या बायका पट्ट्यांना चिखल फासत होत्या. लोक तुला विचारत होते की आम्ही तुला सगळं दाखवलं, तू लिहिलं नाहीस का? पत्राच्या शेवटी तू मला विचारलंस, "वसू, डाव्या काठाची पानं कुठं गेली?"

एवढंच. चिडला नव्हतास. चिडला असतास तर कदाचित मी खरं लिहिलं असतं.

मी लिहिलं, "ऑफिसनं काढली असतील. मी सगळं दिलं होतं." एका दमात लिहिलं, हेही सांगते. वाटलं, तू घरी आलास की समजावून सांगेन. चार पानं काय, रेवाच्या बुटांच्या खोक्यात जपून ठेवली होती.

तू माझ्यावर विश्वास ठेवलास. ऑफिसच लबाडी करतंय असं धरून चाललास. मग नुसती नावं देऊन भागणार नव्हतं. प्रत्येक झाड मोजायचं, नकाशा काढायचा, घरटी अंगठे घ्यायचे, म्हणजे कुणाला काही गाळता येणार नाही. त्यासाठी महिनाभर जास्त राहिलास. पाऊस लांबला. ताप आला तरी तू झाडं मोजत होतास, असं मास्तरांनी आता लिहिलंय. मी जर त्या पत्रात एक खरी ओळ लिहिली असती, की पानं माझ्याकडे आहेत, तर तू पहिल्या बोटीनं निघाला असतास. खोकं उघडलं असतंस, माझ्याशी आठ दिवस बोलला नसतास, आणि आज मागच्या अंगणात ते गवत कापत असतास. हे मी रोज मनात करून बघते. रोज तू घरी येतोस.

डॉन आणि त्याची बायको ती बातमी घेऊन आले, तेव्हा तिच्या हातात, इथं दुःखाच्या घरी नेतात तसं, झाकलेलं कॅसरोल होतं. मी आधी त्या भांड्याकडेच बघितलं. मेंदूला चढलेला मलेरिया, ते म्हणाले. नदीला पूर, दहा दिवस बोट नाही, म्हणून गावानंच तुला ठेवून घेतलं. नागपूरहून सासूबाईंचे ट्रंक कॉल येतात. "अगं, अस्थी केव्हा येतील? नाशिकला जायचंय." त्यांना कसं सांगू की अस्थी नाहीतच? त्यांचा लेक मातीत आहे हे त्यांच्याच्यानं ऐकवणार नाही.

आणि कुठल्या मातीत, हे मला गुरुवारपर्यंत ठाऊक नव्हतं. नकाशावर डाव्या काठाला, अगदी शेवटी, मास्तरांनी एक लहान गोल काढलाय. शेजारी लिहिलंय, श्रीधर. पत्रात म्हणतात, "आमच्या जुन्या गावात त्यांना जागा दिली. डोक्याशी दुरियान लावलं आहे. फळ यायला बरीच वर्षं लागतील. तुमच्या मुलीला सांगा, त्या फळावर तिचा हक्क आहे."

जंगल. वस्ती नाही. मीच टाइप केलं होतं ना!

डॉनला मी तो गोल दाखवला. तो वाईट माणूस नाही, डोळे पुसले त्यानं. पण म्हणाला, "वासूडा, द रोड इज ऑलरेडी ड्रॉन." मशिनं नदीच्या मुखाशी उभी आहेत, सोमवारी मंजुरी झाली की वर जातील. "श्रीधरच्या सहीच्या रिपोर्टमध्ये लिहिलंय की तिथं काही नाही. या नकाशावर कुणाचीच सही नाही. त्याचं सही केलेलं काही असतं, तर मला बोलता आलं असतं."

तुझ्या सहीचं एक कोरं पान अजून माझ्या ड्रॉवरमध्ये होतं.

आज सकाळी ते टाइपरायटरवर चढवलं. तुझेच शब्द होते, तुझीच सही होती, कुणाला कळलं असतं? टपालात अडकलं होतं, आत्ता सापडलं, असं म्हणायचं. झाडं वाचली असती, तुझी जागा वाचली असती, आणि माझं नाव कुठंच आलं नसतं. पहिला शब्द टाइप करायला बोट ठेवलं आणि तसंच उचललं. पुन्हा तुझ्याच सहीमागं लपायचं? अजून किती वेळा?

पान काढून घेतलं. पण मला फार भीती वाटतेय श्रीधर. खरं सांगितलं तर म्हणतील, बाई दुःखात आहे, काहीही बोलतेय. म्हणतील, बायको पानं गाळते आणि नवरा न वाचता सही देतो, मग तुमचं खरं तरी काय मानायचं? तुझं नाव माझ्यामुळं खराब होईल. आणि एवढं करून रस्ता झालाच, तर? मशीन त्या लहान रोपापाशी येऊन थांबेल का? कुणासाठी थांबेल? मला काही सुचत नाही. तू असतास तर तुला विचारलं असतं, नेहमीसारखं.

तरी एक शब्द देते. सोमवारी सकाळी रेवाला शाळेत सोडून मी त्या मीटिंगमध्ये जाईन. तुझे चार पिवळे कागद, त्यांचं इंग्रजी आणि मास्तरांचा नकाशा टेबलावर ठेवीन. वर माझं पत्र असेल, माझ्या सहीचं: ही पानं मी काढली, माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं, डावा काठ मोकळा नाही. डॉननं ऐकलं नाही तर त्याच्या वरच्याकडे जाईन, तिथून हाकललं तर पेपरवाल्यांकडे. त्याआधी, उद्याच, सासूबाईंना फोन करीन आणि तू कुठं आहेस ते सांगेन. रेवाला आज संध्याकाळी सांगेन, तिनं मला माफ केलं नाही तरी सांगेन. मग एक दिवस तिला घेऊन तुझ्याकडे येईन. ते झाड उभं असेल की नाही, ते मला माहीत नाही.

हे शेवटचं पान तुला ओळखू येईल. तळाशी तुझी सही आहे, एस खूप मोठा आणि बाकी सगळं गिचमिड. मी हातानं, मराठीत, अगदी तिच्यापर्यंत लिहीत आणलंय. आता या पानावर दुसरं काही टाइप करता येणार नाही.

तुझ्या सहीच्या शेजारी,
वसुधा