अर्धा शेर डाळ

बाबा,

मला थेट चौथीत बसवावं म्हणून तुम्ही धापा टाकत शाळेत आलात, ती सकाळ आज पुन्हा आठवते आहे. घाटंजीच्या जिनात तुम्ही कापूस तोलणारे मापारी होतात. कापसाच्या धुळीनं छाती धरली आणि तुम्ही खाटेला लागलात. आई जिनात मजुरीला जाऊ लागली. तुमच्याजवळ कोणी तरी हवं, म्हणून शाळेच्या वयात मी घरी राहिले आणि तुम्ही पडल्या पडल्या मला शिकवलंत. पाढे, निमकी, दिडकी, वाचन. चुकलं तरी रागवत नव्हतात. "फिरून तोल," एवढंच म्हणायचात.

त्याच सुमाराला बाजारात नवी वजनं आली. "शेर गेला पोरी, आता किलो माग," दुकानदार म्हणाला. मी अर्धा किलो डाळ आणायचे आणि घरी अर्धा शेर सांगायचे. ज्या वजनांवर तुमची सारी उमर गेली ती दुकानातून उठली, हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगावं, मला कळत नव्हतं. तुम्ही पुडी तळहातावर घ्यायचात, क्षणभर थांबायचात. "आज दुकानदारानं झुकतं देल्लं वाटते." दर बाजारी हेच.

मग तुम्ही माझ्या शाळेचा हट्ट धरलात. आईला ते पटत नव्हतं. "एवढी थोराड पोरगी लहान्या पोरांत बसवता काय? चौथीत घेतलं तर ठीक, नाही तं माह्यासंगं जिनात येऊ द्या तिले."

हेडमास्तर टेबलापाशी बसले आहेत, तुम्ही दाराच्या पायरीवर. मी धडा वाचते, शुद्धलेखन लिहिते, हिशेब तोंडी करते. ते मान हलवतात आणि म्हणतात, "आता वजनाचं कोष्टक म्हण." मी म्हणते : पाच तोळ्यांचा छटाक, सोळा छटाकांचा शेर, चाळीस शेरांचा मण. "हे गेलं आता. नवं येते काय?" मी तुमच्याकडे पाहते. तुम्ही खाली पाहत आहात. मी गप्प राहते.

"पोरगी हुशार आहे, पण नव्या कोष्टकाशिवाय चौथीचं गणित जमायचं नाही. पुढच्या सोमवारी आणा," हेडमास्तर म्हणाले. तुम्ही भिंत धरून उठलात. "माह्यं शिकवणं जुनं झालं, गुरुजी. तिचा काही दोष नाही."

घरी येताच तुम्ही आईला दुकानदाराकडून किलोचं वजन आणि नव्या कोष्टकाचा कागद मागून आणायला लावलंत. "आता वजन घेऊन खेळता काय?" ती म्हणाली, पण गेली. ते लोखंड तळहातावर घेऊन तुम्ही डोळे मिटलेत. "शेरापेक्षा जरासं भारी हाय." मग ते माझ्या हातात दिलंत. आठवडाभर, खोकला थांबेल तसं, तुम्ही मला ग्रॅम आणि क्विंटल शिकवलेत आणि मी शिकत राहिले. सोमवारी मला चौथीत घेतलं. त्यानंतर घरी जो येईल त्याला तुम्ही सांगायचात, "किलो मीच शिकवला तिले." मी चौथी पास झाले, ते मात्र तुम्ही पाहिलं नाहीत.

पुढे मास्तरीण होऊन मीही कितीक मुलांना असं समोर बसवून तपासलं. एखादं मूल येत असूनही गप्प बसलं, की मी आधी दाराकडे पाहायचे, कोण बसलं आहे ते.

बाबा, दुकानातल्या तक्त्यावरून नवं कोष्टक मला त्या पहिल्या दिवशीही पाठ होतं. तेव्हा सांगितलं नाही, पुढे सांगायला तुम्ही नव्हतात, आणि हा कागदही कुठे जायचा नाही. पण ज्या हाताला शेर आणि किलोतला फरक एका क्षणात कळला, त्याला दर बाजारची ती पुडी कळली नसेल, हे मला आता खरं वाटत नाही. आजही डाळ घेतली, की मी पुडी आधी तळहातावर धरते. पैसे किलोचे देते, मनात अर्धा शेरच म्हणते.