तालमीतली काच काढण्याबाबत

लिवण्यात चुका असतील, माफ करा. धाप लागायची म्हणून नववीतच शाळा सुटली. मोबाईलवर एका बोटानं टाईप करतीय, लय येळ लागतोय. छापून त्यावर सह्या घेणार हाय.

मी, स्वप्नाली मानसिंग महाडिक, वय एकोणीस, ऱ्हाणार विटा, जिल्हा सांगली. माझं डोकं ठिकाणावर हाय. बिघाड काळजात हाय, सोमवारी मिरजेत झडप बदलणार हायत. कुणी दमदाटी करून हे लिवून घेतलेलं न्हाई. माझ्यामागं कुणाला काय, ते असं.

१) तालीम. पणज्यानं बांधलेली, दगडी, ठेंगण्या दाराची. आई आन् दादा, म्हंजी माझे वडील, गेल्यावर माझ्या नावावर आली. यशराजकाकांचं कोईमतूरला सोनं गाळायचं दुकान हाय. गेल्या वर्षी त्येनी पुण्याचा आर्किटेक्ट आणून तालमीचा कॅफे केला. मी कुणाम्होरं बोलत न्हाई, त्येचा अर्थ त्येनी व्हय असा धरला.

आर्किटेक्ट सायेब म्हणाले, "आखाड्याची माती आपण जपलीय. वर काच टाकलीय. कॉफी पिताना पायाखाली इतिहास दिसेल."

बाळासो वस्ताद म्हणाले, "आवं, पायाखाली? तिच्या पाया पडून आत जायचं असतंय."

उद्घाटनाला लय माणसं आली. दारात चपला काढल्या, वाकून काचेला हात लावला आन् भिंतीकडंनं उभी ऱ्हायली. टेबलं मधी, माणसं कडंला.

"बसा की रं," काका म्हणाले.

"नगं, हितंच बरं हाय."

"सँडविच तरी घ्या."

"लाल मातीवर खरकटं सांडायचं व्हय, यशराज?"

तवापासनं लोक येत्यात, नमस्कार करत्यात, जात्यात. एकानं तर नारळ फोडला. काचेला तडा गेला.

परवा मी कॅफेत कप धूत हुते. काका फोनवर सायबास्नी म्हणाले, "पोरीचं ऑपरेशन होऊ द्या. तिचं काय कमीजास्त झालं तर वारस मीच. मंग माती उचलून फरशी टाकू." मी मागंच हुते. त्यास्नी मी दिसत न्हाई.

म्हणून तालीम मी क्रांतीला देते. क्रांती ही काकांचीच पोरगी, वय बारा, कुस्तीचं याड. ती अठराची हुईस्तवर कारभार संयोगिताकाकीनं बघावा. काकास्नी काय पायजे असंल तर बायकोला इचारावं. सवय न्हाई, लागंल.

इमारतीत बदल करायचा तो असा. काच काढावी. माती खणून त्यात ताक, त्याल, हळद घालावी. दार ठेंगणंच ठेवावं, वाकायला लागतंय ते बरं हाय. उंचावरच्या खिडक्या एसीसाठी बुजवल्यात, त्या उघडाव्या. मागं पोरींसाठी न्हाणीघर बांधावं, आतनं कडी असलेलं. तालीम चालू हुती तवा पोरी कपडे बदलायला घरी पळायच्या. नवं एवढंच लागत हुतं, तेवढंच ऱ्हायलं.

२) काढलेली काच यशराजकाकास्नी. बंगल्याच्या हॉलमधी बसवावी आन् खाली स्वतःचा इतिहास ठेवावा.

३) 'संवेदनशील वास्तुकलेचा नमुना' हा दारावरचा बोर्ड आर्किटेक्ट सायबास्नी परत. नवाच हाय, दुसरीकडं चालंल.

४) दादांची गदा पिवळ्या बल्बाखाली टांगलीय. ती उतरवून क्रांतीच्या हातात द्यावी. जड हाय, पडली तर पडू द्यावी.

५) मोबाईल काकीला. काकांचा फोन उचलायचा का न्हाई ते तिनं ठरवावं.

६) मी मिरजेहून नीट परत आले तरी काच काढायचीच हाय. तवा मी तोंडानं सांगीन.

सही: स्वप्नाली मानसिंग महाडिक
साक्षीदार: बाळासो पाटणकर, वस्ताद (सही)
साक्षीदार: कृष्णात सपकाळ, शेजारी (सही)
विटा, ११ एप्रिल २०२५

आत्ताच आटपाडीच्या मावशीचा फोन आला, तिकडं लिंबाएवढ्या गारा पडल्यात. तवा उघडलेल्या खिडक्यांवर पत्रा लावावा, माती भिजाय नगं.