बावीस खोल्यांची पाहणी

१ फेब्रुवारी १९९१, शुक्रवार
पत्र आलं. धाग्याच्या कारखान्यात टाइमकीपरची जागा. म्हणजे तिन्ही शिफ्टची हजेरी माझ्या हाती. आमचा बादल्यांचा कारखाना २८ तारखेला कायमचा बंद होतोय, तेव्हा वेळेवर आलं म्हणायचं. कंपनीला माझी फार गरज आहे हे पत्राच्या भाषेवरून दिसतं. पत्र सायक्लोस्टाइल आहे, पण रमाकांत हे नाव हाताने भरलंय. उत्तर १५ तारखेपर्यंत द्यायचं. अट एकच. टाइमकीपरने कारखान्यालगत, बावीस खोल्यांच्या वस्तीत राहायचं.

विजया म्हणाली, घ्या. ती शिकवते त्या शाळेला तिथून सायकलने दहा मिनिटं, हेही म्हणाली. मी समजावलं की असे निर्णय घाईत होत नसतात.

२ फेब्रुवारी, शनिवार
आमच्या स्टोअरच्या भगवंतरावांना सहज विचारलं. बावीस खोल्या म्हटल्याबरोबर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणे, अथालच्या रस्त्यावरची ती वस्ती म्हणजे अख्ख्या सिल्वासात बदनाम. दिवसाढवळ्या घरं साफ होतात. दिवाळीत एक बोकड गेला, दाव्यासकट. तुम्ही पाहिलंत का, असं विचारलं तर म्हणाले, पाहायला गेलेला परत येतो का?

मला भीती वाटली नाही. दुपारी फक्त डबा गेला नाही. कोबी होता.

४ फेब्रुवारी, सोमवार
निश्चय. उद्यापासून पहाटे पाचला उठून पंचवीस दंड. टाइमकीपर कणखर हवा.

५ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी ७.४०. तीन दंड झाले. चौथ्यात कमरेत उसण भरली. विजयाने तेल चोळलं आणि चोळता चोळता पत्राचं काय म्हणून विचारलं. दुखणाइताला असले प्रश्न विचारू नयेत.

६ फेब्रुवारी, बुधवार
ऐकीव माहितीवर मी चालत नाही. स्वतः पाहणी करणार. कंबरेच्या नावावर दोन दिवस रजा टाकली. वेशांतर: काळा गॉगल आणि माकडटोपी. विजयाला शिरगणतीची ड्यूटी लागलीय, घरभर फॉर्म. त्यातच गुंतलीय ते बरं. तरी मान वर करून म्हणाली, अहो, एवढं ऊन आहे, टोपी कशाला? सर्दी, म्हटलं.

७ फेब्रुवारी, गुरुवार
जे पाहिलं ते लिहिताना कागद दोनदा फाटला. संतापाने.

सकाळी साडेसहाला मंजुळाबाईंच्या खाणावळीत बसलो. तिथून बावीसही दारं दिसतात. पावणेसातला सात नंबरमधून एक माणूस निघाला, अंगातला चौकड्याचा शर्ट काढून आत खुंटीला टांगला, कुलूप लावलं, किल्ली चौकटीवर ठेवली आणि गेला. साडेसातला दुसराच आला. इकडे तिकडे न बघता किल्ली काढून आत! आता सामान घेऊन पळेल म्हणून घड्याळ लावून बसलो. पळाला नाही. झोपला. खिडकीतून घोरणं ऐकू येत होतं. चोरी करायच्या आधी दुसऱ्याच्या खाटेवर झोप काढण्याइतका निर्ढावलेपणा मी तरी पाहिला नव्हता. दुपारी अडीचला तो उठून निघाला, तर अंगात चौकड्याचा शर्ट! खोलीच्या मालकाचाच!

आणि हेच अकरा नंबरला. हेच चौदाला. प्रत्येक किल्ली चौकटीवर. सगळ्या वस्तीला माहीत.

मंजुळाबाई सारख्या माझ्याकडे बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, काय करी राहिले भाऊ सकाळपास्न, जेवी तरी घ्या. मी प्रसंगावधान राखून सांगितलं, मी शिरगणतीवाला. त्यावर बाईंनी खोलीवार नावं धडाधड सांगितली, कोण कुठे कधी झोपतो त्यासकट. मी वहीत उतरवली. म्हणजे टोळीची नाईक हीच. जेवलो मात्र. वांग्याचं भरीत होतं, नाकारलं असतं तर संशय आला असता.

संध्याकाळी ५. बाहेर येऊन पाहतो तर माझी सायकल गायब.

८ फेब्रुवारी, शुक्रवार
चालत घरी आल्यामुळे टाचेला फोड. सायकल दुरुस्तीला दिलीय असं विजयाला सांगितलं. आता निर्णय जवळजवळ झालाच आहे. भ्याडासारखं नाही म्हणणार नाही. आधी वस्ती साफ करीन, मग रुजू होईन. काम करायचं तर मुळापासून.

११ फेब्रुवारी, सोमवार
विजयाला शिरगणतीला नेमकी बावीस खोल्यांची वस्ती मिळाली. मला विचारायचं तरी! एकटीच गेली. दिवसभर माझ्या जिवाला घोर. जाऊन आणणार होतो, पण टाचेचा फोड.

संध्याकाळी आली ती माझ्या सायकलवर बसून. म्हणे, मंजुळाबाईंनी गुरुवारीच उचलून आत ठेवली होती, कारण वस्तीत कुणीतरी वाईट माणूस फिरतोय. हवाही भरून दिली. वस्तीवाले आधी तिला दारात उभं करेनात. म्हणाले, आमची शिरं मोजून गेला एक जण. काळा गॉगल, माकडटोपी, डाव्या चपलेच्या अंगठ्याला सेफ्टीपिन. हे सांगताना विजया माझ्या डाव्या पायाकडे बघत होती.

मी पाय खुर्चीखाली घेतला. झोपताना ती म्हणाली, पंधरा तारीख शुक्रवारी आहे. माझ्या एकटीच्या पगारात घर चालेल, पण तुम्ही दिवसभर घरात बसून काय व्हाल, याची मला धास्ती वाटते.

पुष्कळ वेळ झोप लागली नाही. कंबर.

१४ फेब्रुवारी, गुरुवार
सरळ धाग्याच्या कारखान्याच्या साहेबांना भेटलो. पुण्याचे आहेत, तरुण, समजूतदार वाटले. अहवाल पुढे ठेवला: 'वस्तीतील टोळी, नावे, खोल्या व वेळा.' साहेबांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग ड्रॉवरमधून मस्टर काढून शेजारी ठेवला. म्हणाले, हे सगळे आपलेच कामगार आहेत. धुळे-नंदुरबारकडचे. एका खाटेला तीन माणसं, शिफ्टप्रमाणे. एक कामावर गेला की दुसरा झोपतो. किल्ली म्हणून चौकटीवर.

शर्टाचं विचारलं. म्हणाले, साहेबाला भेटायला नीटसा एकच शर्ट असतो खोलीत, ज्याला काम असेल तो घालतो.

मग त्यांनी गोकुळ नावाच्या कामगाराला बोलावलं. तोच, सात नंबरचा झोपाळू. मला बघून म्हणाला, साहेब, हाच तो चष्मावाला. याच्यापायी आठ दिवसांपास्न आम्ही किल्ल्या खिशात घेऊन फिरी राहिलो. किल्ली इथं मशीनवर आणि नाइटवाला तिथं ओट्यावर. लोकं उन्हात झोपी राहिले, मशीनवर पेंगी राहिले. तरी म्हणू, रिळावरचं सूत का तुटी राहिलं!

साहेब म्हणाले, कळवतो. आवाजात आदर होता, असं मला वाटलं.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार
होकार कळवला. लाल शाईने, खाली दोन रेघा. भीती जिंकून घेतलेला हा निर्णय आहे. अटी तीनच: खोली वरच्या मजल्यावर, खिडकीला गज, आणि येता-जाता एक वॉचमन. खोल्या बैठ्या आहेत खऱ्या. मग मजला बांधतील. माणूस हवा असेल तर कंपन्या काय वाटेल ते करतात.

विजयाला वाचून दाखवला. ती डोकं धरून बसली. आनंद सहन होत नाही काहींना.

२१ फेब्रुवारी, गुरुवार
कंपनीचं पत्र. जागा गोकुळला दिली. बारावी पास आहे, आणि कोण कधी झोपतो हे त्याला न विचारता ठाऊक. माझे आभार मानलेत. म्हणजे अहवाल उपयोगी पडला. भगवंतरावांना सांगितलं की मी नकार दिला. ते म्हणाले, जीव वाचला. ते स्वतः मात्र धाग्याच्या कारखान्यात स्टोअरला रुजू होताहेत, एक तारखेपासून. खोली नंबर नऊ. विचारलं, बोकडाचं काय? म्हणाले, ऐकीव होतं हो.

२८ फेब्रुवारी, गुरुवार
दुपारी बादल्यांचा कारखाना बंद झाला. सगळ्यांना एकेक बादली दिली, झाकणासकट. माझं झाकण बसत नाही.

संध्याकाळी ६. शिरगणतीचा शेवटचा दिवस. आमची गल्लीही विजयाकडेच, म्हणून आमचा फॉर्म तिने सगळ्यात शेवटी घरीच भरला. मी म्हटलं, रीतसर विचार, ओळखीचा फायदा नको. तिने रीतसर विचारलं. वय, शिक्षण, जन्मगाव. व्यवसायाच्या ठिकाणी मी 'तूर्त विविध प्रस्ताव विचाराधीन' असं सांगितलं. एवढी जागा नाही, म्हणाली. आणि दोन शब्दांत काहीतरी लिहिलं.

मग कुटुंबप्रमुख. मी म्हटलं, हे काय विचारायचं? तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि माझंच नाव लिहिलं. अक्षर सुरेख. फक्त तेवढं पेन्सिलीने, बाकी फॉर्म शाईचा आहे.

सरकारची तशी सूचना असावी.