लाल दोऱ्याचं बंडल

आबा,

जळोचीच्या आमच्या नव्या घरात गेल्या आठवड्यात होम थिएटर बसवलं. हौस तुमच्या जावयाची, पहारा माझा. बारामतीच्या दुकानातून फिटर आला आणि त्यानं पिशवीतून जाड तारेचं बंडल काढलं, तशी मी चहाचा गॅस बारीक केला आणि ब्लेड घेऊन बाहेर आले. टोकाचं प्लास्टिक सोललं, आतली एक केसासारखी तार ओढून खरवडली. वरून तांब्याचा मुलामा आणि आत पांढरं ॲल्युमिनियम, असं सर्रास खपवतात. पण ही आतपर्यंत लालच निघाली. तरी मला चैन पडेना. प्लास्टिक एवढं जाड कशाला ठेवलंय, म्हणून आतले केस मोजायला बसले. फिटर हसून म्हणाला, "ताई, तुमी वायरमन हाय का पोलीस?" काय सांगणार त्याला? खाण तशी माती.

लासुर्ण्यातल्या आपल्या मंडप-लाऊडस्पीकरच्या दुकानात तुम्ही तार अशीच तपासायचा. व्यापारी शपथा घेत असायचा आणि तुम्ही मान खाली घालून खरवडत बसायचा. "वरची साल बघून ऊस घ्यायचा न्हाय आन तार बी न्हाय," हे तुमचं ठरलेलं वाक्य. कॉलेज संपवून मी दुकानात बसायला लागले, तेव्हा घरात सगळे नाही म्हणत होते. तुम्ही एकट्यानं हो म्हणालात आणि मला एक काम नेमून दिलंत. पास झालेल्या प्रत्येक बंडलाच्या टोकाला लाल दोऱ्याची दुहेरी गाठ मारायची, म्हणजे लग्नाच्या गर्दीत दुसऱ्या मंडपवाल्याच्या तारेशी अदलाबदल व्हायला नको. तुमचा कुणावरच विश्वास नव्हता. पण त्या गाठीवर होता.

मी फिटरला म्हटलं, मागच्या स्पीकरच्या डब्यांना तुझी तार नको, माझ्याकडे आहे. आणि माळ्यावरून ते बंडल काढलं. होय, पिंपळीच्या लग्नातलं, तुम्ही "बदललेलं" म्हणून फेकून दिलेलं. ते आपलंच होतं हे मला पक्कं ठाऊक होतं. कसं, ते सांगतेच.

पिंपळीच्या त्या लग्नात आपण पहिल्यांदाच कर्ण्यांऐवजी नवे स्पीकर-बॉक्स लावले होते. तात्यांनी, तुमच्या इतक्या वर्षांच्या भागीदारानं, टेम्पोतून तार उतरवून दिली होती. लांबच्या पंगतीकडच्या बॉक्सपर्यंत ती मी ओढली होती, जोडही मीच दिला होता. मंगलाष्टका सुरू होतात आणि पंगतीकडून ओरडा येतो, आवाज येत नाही. येत होता, पण गोधडीखालून कुणी बोलावं तसा. तुम्ही ॲम्प्लिफायरपाशी उभे राहून तार चिमटीत धरता, चेहरा काळा पडतो. "ही आपली न्हाय. आपली एवढी बारीक नव्हती." मग मला हाक मारता, "बघ गं, टोकाला दोरा हाय का?" मी बॉक्सपाशी वाकते आणि ओरडते, "न्हाय आबा, दोरा न्हाय."

तुम्ही तात्यांकडे वळलात. भर मांडवात, वऱ्हाडासमोर. तात्या एवढंच म्हणाले, "आबा, माज्यावर संशय घेताय व्हय तुमी?" तुम्ही पाठ फिरवलीत. ते खांद्यावरचा टॉवेल झटकून चालत गेले, ते परत आपल्या दुकानात आले नाहीत.

फिटरनं ते बंडल हातात घेतलं आणि मान हलवली. "तांबं चांगलं हाय, पर बारीक हाय. कापून देऊ?" तुमची तार मी कापू देईना, म्हणून त्यानं अख्खं वेटोळंच जोडलं. आणि आबा, माझ्या बैठकीत पिंपळीचा आवाज आला. तोच, गोधडीखालचा. मला वाटलं, स्वतःची तार खपवायला यानं काहीतरी कळ फिरवली. मी म्हटलं, आता तुझं बंडलही अख्खंच जोड, तेवढंच लांब. त्यानं जोडलं. आवाज स्वच्छ, खणखणीत.

"कर्ण्याचा ॲम्प्लिफायर येगळा असतोय ताई," तो म्हणाला. "त्याला बारीक तार लांब नेली तरी चालती. बॉक्सला न्हाय चालत. आवाज तारंतच मरतो."

आपण नवे बॉक्स आणले, नवा ॲम्प्लिफायर आणला, आणि तार मात्र जुनीच कर्ण्यांची लावली. कर्णे अर्ध्या गावापर्यंत वाजायचे, म्हणून तार पुरेल असं धरून चाललो. दोष ना तात्यांचा होता, ना माझ्या जोडाचा.

परवा इंदापूरला जाऊन आले. तात्या ओसरीवर बसलेले, कान पार गेलेत. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "तार आपलीच व्हती. आबांना मागनं कळलं व्हतं. लई पस्तावले." त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं, तुम्ही तारेकडे पाहायचा तसं. मग म्हणाले, "आबा पस्तावले? आमचे आबा?" आणि डोळे पुसत सुनेला चहा टाकायला सांगितलं.

तुमच्या नावावर खोटं बोलले, रागवू नका. तुम्ही तर शेवटपर्यंत त्यांचं नाव काढलं नाहीत, आणि त्याला कारण मी आहे. त्या दिवशी दोरा होता, आबा. तार आपली निघाली असती तर खोट माझ्या जोडात ठरली असती, आणि दुकानातून माझी रवानगी स्वयंपाकघरात. म्हणून वाकले तेव्हा दातानं गाठ तोडली आणि दोरा मुठीत लपवला.

हे मी तात्यांना सांगितलं नाही. चहा पिऊन आले.