जर्मनीत चालणारं कार्ड

सांगली,
रविवार

तीर्थस्वरूप चंदनबाला वन्सं,

लोणंदच्या सगळ्या मंडळींना जयजिनेंद्र. तुमचा गुडघा, तुमच्या आर्जवच्या वडिलांची साखर आणि कांद्याचा भाव, तिन्ही आहेत तिथेच असतील असं धरून चालते. (कांदा आपल्या घरात कोणी खात नाही, पण तुमचं घर त्यावर चालतं म्हणून विचारायचा.) फोन न करता पत्र लिहिते, कारण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता आणि अडतीवर बसलेले हमालसुद्धा माझ्या संसारात सल्ला देतात. मागच्या खेपेला माझ्या पित्तावर औषध नानासो हमालाने सांगितलं. (गुण आला, ते वेगळं.)

श्रद्धाची तब्येत बरी आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, हे तुम्हीच तिला लग्नात बजावलं होतं. आता डॉक्टर तिला विमानात बसू देत नाहीत, म्हणून माहेरानेच विमानात बसून जर्मनीला जायचं ठरलं. जावयांनी तिकीट पाठवलं, व्हिसा आला, डिंकाचे लाडू कसे बांधून न्यायचे तेही ठरलं. अडलं ते एका प्लास्टिकच्या तुकड्यावर. श्रद्धा म्हणते, आखातात विमान बदलायचं आहे, तिथे काही चुकलंमाकलं तर हॉटेल घ्यावं लागेल, तिकडे आपल्या नोटांना कोणी विचारत नाही, म्हणून तुझ्या स्वतःच्या नावाचं, परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड घे. ते नसेल तर एकटी निघू नकोस. हट्ट कोणाचा घेतला आहे ते तुम्हाला सांगायला नको, भाची तुमचीच.

आता कार्ड घेणं म्हणजे काय अवघड, असं मलाही वाटलं. दुपारी पुस्तक घेऊन जरा बसावं की कोणीतरी मुलगी फोन करून ‘मॅडम, आपके लिए कार्ड अप्रूव्ह हो गया है’ म्हणते. वर्षानुवर्षं मी त्यांना हाकलत आले. या वेळी फोन आला तेव्हा मी म्हटलं, दे बाई, मला हवंच आहे. मग तिने पगाराची स्लिप मागितली. पगार नाही, कारखान्याची पेन्शन आहे आणि वाट्याने दिलेल्या हळदीच्या रानाचा हिस्सा येतो, असं सांगितल्यावर तिनेच फोन ठेवला. त्यानंतर एकही फोन नाही. पुस्तक वाचून संपलं. (ज्यांचा दुपारचा वेळ असे फोन खातात त्यांनी हा उपाय जरूर करावा.)

मग आपला भरतेश आला. तुमच्या धाकट्या भावाचा हा मुलगा कुपवाडला कसल्याशा कंपनीत आहे आणि त्याच्या पाकिटात नोटा सोडून सगळं आहे. पाच कार्डं त्याने पत्त्यांसारखी टेबलावर मांडली आणि एक सोनेरी कार्ड उचलून म्हणाला, “काकू, हेच घ्या. विमानतळावर लाउंज हाय. सोफा, एसी, जेवण, लय भारी! सगळं फुकट.” मी विचारलं, माझं विमान किती वाजता? रात्री. आखातात पोचणार कधी? पहाटेच्या अंधारात. म्हणजे दिवस मावळल्यावर पाण्याशिवाय काही न घेणाऱ्या बाईला बँक अंधारात बटाट्याची भाजी वाढणार, आणि त्याबद्दल दर वर्षी फी घेणार. त्यावर तो म्हणाला, “आवं काकू, मग नुसतं सोफ्यावर बसायचं.” सोफा माझ्या घरी आहे. त्यावर बसायला फी नाही, आणि समोर भरतेश बसलेला नसेल तेव्हा तो आरामाचाही आहे.

शिवाय म्हणे खर्च केला की पॉइंट मिळतात आणि पुष्कळ पॉइंट झाले की प्रवासाची बॅग मिळते. म्हणजे बॅग मिळावी म्हणून प्रवास करायचा. भरतेशला तशी बॅग मिळाली आहे. ती घेऊन तो आजवर शिरवळपर्यंत गेला आहे.

सातवीत माझी शाळा सुटली, पण वाचायचं सुटलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. वाचनालयातलं पुस्तकही मी मागच्या पानापासून चाळते. तसे या बँकांचे कागद मी तळाच्या बारीक अक्षरांपासून वाचले. वर लिहिलेलं असतं, ‘जग आपल्या मुठीत’. खाली मुंगीएवढ्या अक्षरात असतं की परक्या चलनात केलेल्या प्रत्येक खर्चावर शेकडा साडेतीन आमचे, त्यावर कर निराळा, आणि कार्डाने रोकड काढली तर त्या घटकेपासून व्याज. एका खाजगी बँकेत धैर्यशील नावाचा टाय लावलेला मुलगा होता. त्याला विचारलं, हे साडेतीन कशाबद्दल? तो म्हणाला, “किरकोळ असतं हो ते, काकू.” मी म्हटलं, किरकोळ आहे तर सोडून दे. तो हसला. मी हसले नाही. मग त्याला साहेबांचं बोलावणं आलं. (साहेब त्या दिवशी रजेवर होते. तसा कागद त्यांच्या दारावरच होता.)

आणखी एक सांगून ठेवते, तुम्ही कधी गेलात तर उपयोगी पडेल. तिकडच्या दुकानातलं मशीन गोड बोलून विचारतं, पैसे रुपयात घेऊ की इथल्या चलनात? आपल्याला वाटतं, रुपया आपला, तोच बरा. तिथेच फसतो. रुपयाचा भाव मशीनवाला स्वतःच्या सोयीने लावतो. तिकडे तिकडचंच चलन सांगायचं. हे मी भरतेशला सांगितलं तर तो म्हणाला, “व्हय? मला तर म्हाईतच न्हाई.” पाच कार्डं आहेत त्याच्याकडे.

शेवटी आपल्या नेहमीच्या बँकेत गेले. तिथे मिरजेची मुबश्शिरा नावाची मुलगी बसते. तिने सांगितलं, मावशी, पगार नसला तरी चालतं, तुमची ठेव तारण ठेवा, तेवढ्यावर कार्ड मिळेल. मी तळापासून वाचलं. वार्षिक फी नाही. परदेशातल्या खर्चावर जादा काही नाही. लाउंज नाही, बॅग नाही. पण पुढे त्या मुलीने असं काही सांगितलं की मी पिशवी उचलली आणि घरी आले. तेव्हा माझं मत पक्कं झालं आहे. ही कार्डं म्हणजे शुद्ध लबाडी आहे, आपल्यासारख्यांचं ते काम नाही. श्रद्धाचं बाळंतपण तिकडच्या नर्सबाई करतील, त्या शिकलेल्या असतात. तुम्ही तिला फोन करून समजावा की आईला चांगलं कार्ड मिळालं नाही, म्हणून ती येत नाही. तुमचं ती ऐकते.

लहानांना आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावत जा, नुसतं बाटलीकडे बघून गुण येत नाही.

तुमची भावजय,
हरणाबाई

ता. क. : श्रद्धाला फोन करू नका. ते बँकेचं कार्ड चांगलं आहे. त्यात खोट काढायला मी रात्रभर शोधलं, सापडली नाही.

ता. क. २ : मुबश्शिराने काय सांगितलं ते लिहिते. ठेव दोघांच्या नावावर आहे. आधी तुमच्या भावाचं, खाली माझं. ते गेल्यापासून दर वेळी मुदत संपली की मी ती तशीच पुढे चालू ठेवते, कोणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. तारण ठेवायची तर ठेव एकटीच्या नावावर पाहिजे. पोरीने अगदी हळू आवाजात सांगितलं, “मावशी, काकांचं नाव कमी करायला लागेल.” त्यांचा दाखला पिशवीतच होता. कमी कर, एवढं म्हणायचं होतं, ते तोंडातून निघेना. तेव्हा तुम्ही पुढच्या मंगळवारी सकाळच्या गाडीने या. मोठ्या बहिणीने सांगितलेलं त्यांना चालायचं. काउंटरवर तुम्ही बोला, मी सही करते. मात्र तिथे रडायचं नाही. तुम्ही सुरू केलंत की मी सुरू करणार, सही जुळणार नाही आणि ती पोर पुन्हा सगळं पहिल्यापासून करायला लावील. भरतेशला कळवू नका, तो लाउंज काढेल.

ता. क. ३ : ठेवीचं निघायच्या आधी तिने कार्डावर छापायचं नाव लिहून घेतलं होतं. पूर्ण नाव त्या जागेत बसत नाही म्हणाली, मधलं, त्यांचं, काढते. मी म्हटलं, पाटील काढ. तसंच लिहिलं आहे, हरणाबाई पायगोंडा. जर्मनीला असेच जाऊ.