ओली पत्ती

१ फेब्रु., रवि.
सकाळी मंगळवार पेठेत, माझ्या लेथच्या शेडात. मी, सुहास, मारुती. तिघांत मिळून घेतलेलं एक वाद्य, आयरिश पाइप. तोंडानं फुंकायचा नाही. उजव्या काखेत भाता, डाव्या काखेत हवेची पिशवी. सु. व्हिडिओ लावतो. मारुती वडगावचा सनईवाला, ऐकलं की वाजवतो. मी भाता दाबला की पिशवी सुटते. चिडून स्टूल लाथाडलं. सु. म्हणाला, "वाद्य हाय त्ये, कुस्ती न्हाय!"

८ फेब्रु., रवि.

पाइपची पत्ती, सूर काढणारी वेताची जीभ, बोलेना. मारुतीनं काढली आणि सरळ तोंडात घातली. सनईची पत्ती ओली करूनच वाजवतात, जन्माची सवय. ही ओली झाली की मेली. शंभरदा सांगितलं होतं! दुसरी नाही. सु. ओरडला, "आरं, थुक त्ये!"
मी भाता त्याच्या लाकडी फळीसकट मारुतीच्या तोंडावर हाणला. मारुतीनं तोंडावर उजवा हात धरला. बोटांचा आवाज आला. तिथं थांबायला हवं होतं. आणखी एक हाणला.

९ फेब्रु., सोम.
मारुतीची दोन बोटं मोडली. प्लास्टर. लग्नसराई तोंडावर, त्याचं घर सनईवर.
सु. फोनवर एवढंच म्हणाला, "वैनी तुला सोडून कबनूरला माहेरी का गेल्या, आज कळलं."

१२ फेब्रु., गुरु.
पत्ती खिडकीत आपोआप वाळली. बसवली. वाजली, पहिल्यासारखीच.
चार दिवस थांबलो असतो तर...
भात्याच्या फळीवर मारुतीच्या रक्ताचा डाग आहे. घासला, जात नाही.

१५ फेब्रु., रवि.
वडगावला गेलो, पाइप घेऊन. दारात मारुतीचा भाऊ. पहिली बुक्की नाकावर, मग खाली पाडून लाथा. मी हात उचलला नाही. पाइपवर मात्र आडवा पडलो. त्याचीही लाज वाटते.
"पुरं," मारुती उंबऱ्यातनं भावाला म्हणाला. मग मला, "वाजती काय?"
"वाजती."
"वाजव की मग."
नाकातलं रक्त पत्तीवर पडू नये म्हणून मान वर करून वाजवलं. पहिल्यांदाच पिशवी सुटली नाही. मारुती डोळे मिटून ऐकत होता.
"ठेव हितंच. तू जा."
"फुडच्या रविवारी येऊ?"
दार लागलं.
गल्लीच्या टोकाला पोचलो तर मागून सूर आले. डाव्या हाताचे, तेवढेच चार. तेच पुन्हा पुन्हा. उभा राहून ऐकत होतो. पाचव्याला उजव्या हाताची बोटं लागतात, ती प्लास्टरात.